माठातले ब्रेकवाले

अशोक साळवेला तुम्हाला एखादं गाणं ऐकवायचं असलं की तो आधी विचारायचा, "जेवलात का?"

नाही म्हटलं तर स्टोव्ह पेटवून पिठलं टाकायचा. त्याच्या मते हे संगीत उपाशीपोटी ऐकायचं नसतं. ते पोटात उतरतं, आणि तिथं काही नसलं तर माणसालाच ओढतं. मी आयुष्यभर जुनी हिंदी गाणी ऐकलेला माणूस. गाणं कानातून आत जातं, ओठांवर येतं, फार तर डोळ्यांत येतं, एवढीच माझी समजूत. पण पहिल्या दिवशी त्याच्या खोलीतल्या माठातून जे काही बाहेर आलं, ते ऐकल्यावर पिठलं खाऊन घेतलं ते बरंच केलं असं मला वाटलं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत आमचा फोर्जिंगचा कारखाना होता. लोखंडाचे तुकडे भट्टीत लालभडक करायचे आणि हॅमरखाली ठोकून त्यांना आकार द्यायचा, हे तिथलं काम. हॅमर पडला की स्टोअरमधल्या माझ्या टेबलावरचा चहा कपातून बशीत यायचा. मी स्टोअरचा कारकून, म्हणून सगळ्या कारखान्याचा भाऊसाहेब. अशोक भट्टीवर होता.

हेवी मेटल, म्हणजे गिटारी-ड्रमचं ते दणदणीत विलायती संगीत, ऐकणारा म्हटल्यावर डोळ्यांपुढं येतं तसलं त्याच्यात काही नव्हतं. केसांना तेल, डाव्या बाजूला सरळ भांग, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. तंबाखू नाही, दारू नाही. पोस्टात तिकिटं विकायला बसवला असता तर कुणाला संशय आला नसता. त्याचं एकच वेगळेपण होतं. पाळीवर जाण्याआधी तो तेल पुसायच्या कॉटन वेस्टमधले स्वच्छ धागे निवडायचा, त्यांचे बोळे वळायचा आणि दोन्ही कानांत घट्ट बसवायचा. बाकीचे लोक चिडवायचे, "काय साळवे, अत्तर लावून कुनाच्या लग्नाला निघाला?" असल्या आवाजात कान झाकून काम करणं म्हणजे बायकी नाजूकपणा, असा तिथला समज. अशोक हसून म्हणायचा, "कारखान्याचा आवाज कारखान्याला. माझे कान माझ्या गान्याला."

हे खूळ त्याला पुण्यात लागलं. तिथं तो अप्रेंटिस असताना खोलीत जोडीदार म्हणून शिलाँगकडचा एक मुलगा आला. त्याला मराठी येईना, याला इंग्रजी येईना, आणि दोघांची हिंदी अशी की तीत फक्त पाणी आणि भाजी मागता यायची. पुष्कळ दिवस दोघं एकमेकांकडं बघून नुसतेच हसायचे. मग एका सुट्टीला त्या मुलानं पेटीतून टेपरेकॉर्डर काढला आणि एक कॅसेट लावली. अशोकनं ती शेवटपर्यंत ऐकली. संपल्यावर त्याला वाटलं, आता आपणही काही दिलं पाहिजे. त्याच्याकडं कॅसेट कुठली? राहुरीकडं त्याचे वडील भीमगीतं गायचे. त्यातलं एक त्यानं जेवणाचा डबा वाजवत म्हटलं. त्या मुलानं डोळे मिटून ऐकलं आणि पुन्हा म्हण अशी खूण केली. पुढं वर्षभर दोघांचं बोलणं म्हणजे हेच. एक तू ऐकव, एक मी ऐकवतो. जाताना त्या मुलानं अशोकला पिशवीभर कॅसेट देऊन टाकल्या. एकीवरही धड नाव नव्हतं.

मग अशोकनंच नावं ठेवली. जे संथ, जड ठोके घालायचे ते घणवाले. ज्याचा आवाज खरवडल्यासारखा यायचा तो म्हातारा. आणि जे भरधाव वाजवता वाजवता सगळे एकदम, एका क्षणात गप्प व्हायचे आणि पुन्हा सुटायचे, ते ब्रेकवाले. पुढं कधीतरी त्या बँडांची खरी नावं मला समजली, पण ती परक्याची वाटली. मला ते घणवाले आणि ब्रेकवालेच ठाऊक आहेत.

तर अशा या माणसाच्या खोलीवर साप्ताहिक सुट्टीला आमची बैठक बसायची. खोलीच्या कोपऱ्यात एक मोठा माठ होता आणि त्याच्या तोंडावर स्पीकर पालथा घातलेला. त्या काळी पुष्कळजण असं करत. माठानं आवाजाला भरदारपणा येतो. बैठकीचा नियम पुण्याहूनच आलेला होता. "ऐकवायचं तर ऐकाया बी लागतंय." येणाऱ्यानं आपलं आवडतं एक गाणं आणायचं, मग ते कुठलंही असो. ते सगळ्यांनी पूर्ण ऐकायचं. मधे बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि शिव्या द्यायच्या त्या गाणं संपल्यावर. मी शिव्या पुष्कळ दिल्या. अशोक त्या मन लावून ऐकायचा आणि विचारायचा, "बरं, पर कुठल्या जागी तरास झाला?" मी जागा सांगितली की तो बरोबर तीच जागा पुन्हा लावायचा. माझं गाणं लागलं की मात्र गुडघे जवळ घेऊन असा बसायचा, की गेली वीस वर्षं ऐकलेलं माझंच गाणं मला त्याच्यामुळं नव्यानं ऐकू यायचं. असं ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याच्या घरमालकीणबाई मूळच्या शनिशिंगणापूरच्या. दारं नसलेल्या घरात लहानाच्या मोठ्या झालेल्या, त्यामुळं दुसऱ्याच्या दारावर टकटक करणं त्यांच्या गावीच नव्हतं. एकदा म्हाताऱ्याची कॅसेट लावलेली असताना त्या ओल्या हातांनी तशाच आत आल्या. "आरं, हे काय लावलंय? म्हस विताना वरडती तसं! बंद कर, न्हाई तर खोली खाली कर."

अशोकनं लगेच बंद केलं. म्हणाला, "मावशी, बसा. आधी तुमचं गानं हुंद्या. मंग माझं एक ऐका. मंग सांगा, मी आजच सामान बांधतो."

"माझं कुटलं रं गानं?"

पण बसल्या. आणि थोड्या वेळानं भिंतीकडं तोंड करून त्यांनी जात्यावरच्या दोन ओव्या म्हटल्या. लेकीला सासरी धाडल्याच्या. आवाज पिचलेला होता. मग अशोकनं म्हाताऱ्याचं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मावशी पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. गाणं संपलं तेव्हा म्हणाल्या, "ह्या मानसाला कुनीतरी लई दुखावलंय रं." उठल्या, दारात थांबल्या. "मी धुनं धुवाया बसते तवा लावत जा. तेवढ्यात आवाज व्हईना का."

मला त्या गाण्याचा एक शब्द कधी समजला नव्हता, आणि मी मॅट्रिकला इंग्रजी घेतलेला.

आता हरिभाऊंचं सांगतो. त्यांना सगळे नाना म्हणत. पन्नाशीला आलेले, श्रीगोंद्याकडच्या एका गावचे, घरी थोडा ऊस. आमच्या कारखान्यात हॅमर चालवायचे ते नाना. पण गावाकडं त्यांची ओळख वेगळी होती. तिथं ते पखवाज वाजवायचे, डोळे मिटून, आणि पंचक्रोशीत त्यांच्या हाताला तोड नाही असं लोक म्हणायचे. दर सुट्टीला भजनासाठी गावी जायचे.

हॅमरजवळ बोलणं ऐकू येतच नाही. तिथं सगळा कारभार हातवाऱ्यांनी चालतो. तुकडा फिरव, थांब, चहाला चल, सगळं हातानं. नानांचे कान हळूहळू जात होते, पण अशा ठिकाणी ते कुणाच्या लक्षात यावं? खुद्द नानांच्याही आलं नाही. ते कळलं गावच्या सप्त्यात, भर काल्याच्या कीर्तनात. अभंग रंगात आला होता, लय चढली होती, आणि बुवांनी निरूपणासाठी हात वर केला. टाळ थांबले, वीणा थांबली. नानांचे डोळे मिटलेले. त्यांचा पखवाज एकटाच वाजत राहिला. किती वेळ, कुणास ठाऊक. शेवटी शेजारच्या टाळकऱ्यानं त्यांचा हात धरला. नानांनी डोळे उघडले तेव्हा मांडवातली पोरं तोंड दाबून हसत होती.

त्यांनी पखवाज गवसणीत घालून खुंटीला टांगला आणि गावी जाणं सोडलं. सुट्टीच्या दिवशी खोलीत एकटे बसून राहू लागले. आम्ही चुकचुकलो आणि आपापल्या कामाला लागलो. अशोक मात्र त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि हाताची बोटं तोंडाशी नेऊन त्यानं खूण केली. जेवलात का?

अशा तऱ्हेनं नाना बैठकीला आले. पिठलं-भाकरी झाली. मी आणलेलं गाणं लागलं, नाना शिष्टाचारानं मान डोलावत राहिले, आणि ती मान भलत्याच जागी डोलत होती. बघवेना. मग अशोकनं घणवाल्यांची कॅसेट लावली, नानांचा उजवा हात धरला आणि तळवा माठाच्या पोटावर ठेवला.

नाना दचकले. हात काढून घेतला, मग आपणहून परत ठेवला. मग दुसराही ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. ते मोठ्यानं ओरडले, "आरं, हा तर आपलाच हॅमर हाय की! फकस्त तालात पडतोय!"

त्या दिवशी ते निघायलाच तयार होईनात. पण अशोकच्या डोक्यात निराळंच होतं. पुढच्या सुट्टीला त्यानं ब्रेकवाले लावले. नानांचा डावा हात माठावर, उजव्या हाताची बोटं मांडीवर पखवाजाचे बोल काढत होती, आणि ती काय सुंदर चालली होती! तेवढ्यात ब्रेकवाले एकदम थांबले. नानांची बोटं पुढं धावत गेली.

त्यांच्या लक्षात आलं. हात मागं घेऊन ते उठले. "माझं झालं आता, आशोक. वाजवाया येतंय मला. थांबाया येत न्हाई. आन् ज्याला थांबाया येत न्हाई, त्याला भजनात कोन बसवनार?"

बोलून उपयोग नव्हता. अशोकनं पेन्सिल घालून कॅसेट मागं फिरवली, नानांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि तळवा परत माठावर ठेवला.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. दर सुट्टीला तेच गाणं. मला तर त्याचा वीट आला होता. लाईट गेली की अशोक तोंडानं सगळे बोल काढायचा आणि माठ हातानं वाजवायचा. आवाज थांबण्याआधी माठाच्या पोटात काहीतरी बदलतं, एक बारीकशी ओढ लागते, ती पकडायची असं त्यानं स्वतः आधी शोधलं, कानांत बोळे घालून. सणासुदीलाही तो राहुरीला गेला नाही. मी त्याला एकदा विचारलं, "अरे, तुझं यात काय अडकलंय?" तर माझ्याकडं आश्चर्यानं बघत म्हणाला, "भाऊसाहेब, त्यांनी माझं ऐकलंय. आता त्यांचं ऐकाया नको?"

होता होता नाना थांबू लागले. आधी दहातून एकदा, मग बऱ्याचदा, मग प्रत्येक वेळी. आणि नेमकी तेव्हाच ती कॅसेट डेकमध्ये अडकून तिचा चुरगळा झाला. चिकटपट्टी लावूनही भागेना. आम्ही हळहळत होतो. अशोक उठून नानांच्या मागं जाऊन बसला, त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला आणि सगळं गाणं त्या पाठीवर वाजवलं. थांबायच्या जागी हात उचलला. मांडीवरची नानांची बोटं जागच्या जागी थांबली. पुन्हा हात ठेवला, नाना सुटले. माठाची गरजच संपली.

नाना वळून म्हणाले, "सप्त्याला येशील?"

अशोक सावकाश, नानांना ओठ वाचता येतील असं बोलला. "नाना, आजानं दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरातलं कुनी कीर्तनाला बसलं न्हाई. मी हात जोडनार न्हाई, आन् बुक्का लावनार न्हाई."

"हात जोडू नको," नाना म्हणाले. "हात फकस्त पाठीवर ठेव."

मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. उन्हं वर आली होती, मांडव भरला होता. नानांचा गुडघा धरत असे म्हणून ते बसूनच वाजवायचे. त्यांच्यामागं अशोक मांडी घालून बसला, भांग नीट पाडलेला, वरचं बटण लावलेलं. मागं कुजबुज सुरू झाली. एका पागोटेवाल्या आजोबांनी कुणाला तरी नाव-गाव विचारलं, आडनाव ऐकलं आणि हातानं खूण केली, त्याला उठवा. नानांना ऐकू आलं नाही, पण ती खूण त्यांनी पाहिली. आयुष्य हातवाऱ्यांत गेलेला माणूस तो. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले आणि सगळ्या मांडवानं ऐकलं. "ह्यो उठला तर मी बी उठनार, आन् पखवाज बी उठनार. काय ते बोला."

बुवा वयस्कर होते. त्यांनी आजोबांकडं पाहिलं, नानांकडं पाहिलं, आणि म्हणाले, "बसू द्या. चला, उशीर होतोय."

कीर्तन सुरू झालं. नानांनी सवयीप्रमाणं डोळे मिटले. अभंग चढत गेला, टाळ चढत गेले, पखवाज असा बोलू लागला की हसायला आलेली पोरंसुद्धा पुढं सरकली. अशोकचा तळवा पाठीवर होता आणि त्याची नजर बुवांवरून हलत नव्हती. लय शिगेला पोहोचली आणि बुवांनी हात वर केला.

अशोकनं हात उचलला.

टाळ, वीणा, पखवाज, सगळं एका क्षणात थांबलं. कशाचाही एक ठोका इकडं तिकडं झाला नाही. इतकी शांतता मी कुठल्याही देवळात अनुभवलेली नाही. परमुलखातले कोण कुठले ते ब्रेकवाले! त्यांचं थांबणं एका माठातून आणि एका माणसाच्या तळव्यातून श्रीगोंद्याच्या मांडवात येऊन पोहोचलं होतं, आणि हे तिथं आम्हा तिघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

काला वाटून झाल्यावर ते पागोटेवाले आजोबा बुक्का लावत रांगेनं आले. अशोकपाशी आले तसा तो उठला आणि त्यानं हात पुढं केला. "जय भीम, आजोबा." आजोबा जरा घुटमळले. मग त्यांनी बुक्क्यानं भरलेला आपला हात त्याच्या हातात दिला. "जय भीम," हळूच म्हणाले. परतताना एस.टी.त अशोकनं धरलेल्या दांडीवर काळी बोटं उमटली होती. तो ती बघून हसत होता.

पुढं दोनएक वर्षं नाना वाजवत राहिले. प्रत्येक सप्त्याला अशोक त्यांच्या पाठीशी. मग कारखान्याची कामं कमी होत गेली, माणसं कमी होत गेली, आणि अशोकला दूर गुजरातेत काम मिळालं. नानांनी त्याला कधी जाऊ नको म्हटलं नाही. पण त्यांचा पखवाज पुन्हा गवसणीत जाणार, ही भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. अशोकलाही दिसत असणार. जाण्याआधी त्यानं माठ, डेक आणि उरलेल्या कॅसेट नानांच्या खोलीवर नेऊन ठेवल्या.

आम्ही त्याला पोहोचवायला नगरच्या स्टँडवर गेलो. त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. गर्दी, भोंगे, चणे-फुटाणेवाल्यांची ओरड. तो खिडकीतून काहीतरी सांगत होता, मलाच नीट ऐकू येईना, मग नानांची काय कथा. नाना त्याच्या ओठांकडं बघत नुसते मान हलवत होते. अशोक मधेच बोलायचा थांबला. त्यानं हात खाली घेतला आणि आतून बसचा पत्रा वाजवायला सुरुवात केली.

नानांनी बाहेरून पत्र्यावर तळवा ठेवला. लगेच त्यांना समजलं. ब्रेकवाले! त्यांच्या दुसऱ्या हाताची बोटं पत्र्यावर बोलू लागली, आत अशोक आणि बाहेर नाना. आसपासचे लोक बघायला लागले. कंडक्टरनं घंटी दिली. बस हलली तसे नाना पत्र्याला हात लावून बरोबर चालू लागले. मग मला जाणवलं की अशोकनं वाजवणं केव्हाच सोडलं आहे. खिडकीत त्याचे दोन्ही हात नुसते टेकलेले होते. वाजवत होते ते एकटे नाना, मिटल्या डोळ्यांनी, चालता चालता.

फाटकाशी बस वळली. पत्रा नानांच्या हाताखालून सुटला. त्याच क्षणी खिडकीतून अशोकचा हात बाहेर आला आणि वर झाला. नानांचे डोळे तर मिटलेले होते.

तरी नाना थांबले, गाण्यातल्या नेमक्या थांबायच्या जागी. हात हवेत तसाच ठेवून उभे राहिले, मग माझ्याकडं वळले आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, बरुबर थांबलो का?"